माजी सैनिक स्त्रिया : कौटुंबिक हिंसाचार व बेघरपणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) सैन्यदलांतील सेवा संपवून नागरी जीवनात परतलेल्या स्त्रियांपैकी काहींना पती वा जोडीदार यांच्या हिंसाचारामुळे राहते घर सोडावे लागते. अशा स्त्रियांना निवारा, औषधोपचार, समुपदेशन व आर्थिक साहाय्य देण्याची जी व्यवस्था तेथे क्रमाक्रमाने उभी राहिली, तिचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. ‘माजी सैनिक’ ही संज्ञा तेथील कायद्यात बरीच व्यापक असून निवृत्तिवेतनास पात्र होण्यापूर्वी सेवा सोडणाऱ्या व्यक्तीही सामान्यतः तीत मोडतात. देशातील माजी सैनिकांत स्त्रियांची संख्या आज सुमारे २० लाख, म्हणजे साधारणतः एक-दशांश आहे.

माजी सैनिकांच्या पुनर्वसनाची चौकट दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झाली. १९४४ च्या कायद्याने (जीआय बिल) शिक्षण, गृहकर्ज व बेकारी भत्ता यांची तरतूद केली. त्या युद्धात सुमारे साडेतीन लाख स्त्रियांनी सेवा बजावली होती. परंतु कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो पुरुष सैनिक. लष्कराची विमाने चालविणाऱ्या सुमारे १,१०० स्त्री वैमानिकांना तर नागरी कर्मचारी मानले गेले व माजी सैनिकाचा दर्जा मिळण्यासाठी १९७७ पर्यंत वाट पाहावी लागली. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यदलांत कायम स्थान दिले, पण त्यांची संख्या दोन टक्क्यांपुरती मर्यादित ठेवली. ही मर्यादा १९६७ मध्ये उठली. गरोदर असलेल्या किंवा लहान मुलांची जबाबदारी असलेल्या स्त्रीला सेवामुक्त करण्याची मुभा १९५१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने दिली होती. सक्तीने सेवामुक्त करण्याची ही प्रथा १९७५ मध्ये बंद झाली. मूल आणि सैनिकी पेशा यांची सांगड घालण्यातील ही अनिच्छा पुढे निवारागृहांच्या नियमांतही दिसून येते.

१९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती संपली आणि स्त्रियांची भरती वेगाने वाढली. त्यांची नोंद मात्र मागेच राहिली. सैन्यात सेवा केली होती काय, हा प्रश्न स्त्रियांना प्रथम विचारला गेला तो १९८० च्या जनगणनेत. त्यास सुमारे १२ लाख स्त्रियांनी होकारार्थी उत्तर दिले. १९८३ मध्ये या स्त्रियांसाठी सल्लागार समिती, तर १९९४ मध्ये माजी सैनिक विभागात स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. दरम्यान १९९२ च्या कायद्याने सेवाकाळातील लैंगिक अत्याचाराबाबत समुपदेशनाची सोय केली. माजी सैनिक विभागाच्या रुग्णालयांत याबाबत विचारणा केली असता सुमारे तीनपैकी एक स्त्री असा अनुभव आल्याचे सांगते.

हिंसाचार व बेघरपणा यांचा संबंध सरळ कार्यकारणाचा नाही. सेवाकाळातील वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे माहेरचे व स्नेह्यांचे पाश सैल होतात. सैनिक स्त्रियांपैकी अनेकींचे पती सैन्यातीलच असतात. त्यामुळे हल्ला करणारा व आधार देणारी संस्था यांचे वर्तुळ पुष्कळदा एकच असते. हिंसाचाराने नोकरी सुटते, बँकेतील खाते जोडीदाराच्या ताब्यात असते आणि भाडेपट्टाही त्याच्याच नावावर असतो. एका पाहणीनुसार जोडीदाराकडून हिंसा सोसावी लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण माजी सैनिक स्त्रियांत सुमारे ३३ टक्के, तर इतर स्त्रियांत सुमारे २४ टक्के आढळले (२०११). लॉस अँजेल्स येथील एका लहान अभ्यासात बेघर माजी सैनिक स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींवर सेवाकाळात लैंगिक अत्याचार झाल्याचे दिसून आले (२०१०). अशा स्त्रीच्या बाबतीत घर हे संरक्षणाचे नव्हे, तर धोक्याचे स्थान ठरते. रस्त्यावर येण्यापूर्वी ती बहिणीकडे, मैत्रिणीकडे किंवा आपल्या मोटारीत दिवस काढते.

कायद्यातील व्याख्या मात्र दीर्घकाळ वेगळेच चित्र गृहीत धरून होती. ज्याला रात्री झोपण्यास निश्चित, नियमित व योग्य जागा नाही तो बेघर, असा तिचा सारांश होता. मारहाणीच्या भीतीने घर सोडू पाहणारी स्त्री तीत सहजी बसत नव्हती, कारण कागदोपत्री तिला घर होते. २००९ मध्ये बेघरांविषयीच्या सर्वसाधारण कायद्यात एक उपकलम घालून, हिंसाचारामुळे पळून जाणाऱ्या व अन्य आसरा नसलेल्या व्यक्तीस बेघर मानण्यात आले. माजी सैनिकांविषयीचा कायदा त्याच व्याख्येचा हवाला देत असे. पण तो हवाला पहिल्याच उपकलमापुरता होता. परिणामी एकच स्त्री सामान्य नागरिक म्हणून बेघर ठरे व माजी सैनिक म्हणून ठरत नसे. ही विसंगती दूर होण्यास सात वर्षे लागली. १६ डिसेंबर २०१६ रोजी संमत झालेल्या कायद्याने दुसऱ्या उपकलमाचाही अंतर्भाव केला. बदल मोजक्या अक्षरांचा होता. तो व्हावयास इतका अवधी लागावा, यावरून या प्रश्नाकडे पाहण्याची तोवरची दृष्टी कळते.

निवाऱ्याचा प्रश्न व्याख्येने सुटणारा नव्हता. १९९२ पासून माजी सैनिक विभाग तात्पुरत्या निवारागृहांना दर माणशी दर दिवशी ठराविक अनुदान देत आला आहे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये केलेल्या तपासणीत, स्त्रियांना घेणाऱ्या अशा गृहांपैकी ६० टक्क्यांहून अधिक गृहे मुलांना ठेवून घेत नसल्याचे आढळले. अनुदान केवळ माजी सैनिकाच्या नावे मिळत असल्याने मुलांचा खर्च संस्थेवरच पडे. जी गृहे मुले घेत, त्यांपैकी बहुतेकांनी वयाची वा संख्येची अट घातलेली होती. रहिवाशांत पुरुषांचा भरणा, कुलपे व स्नानगृहे यांच्या अपुऱ्या सोयी आणि छळाच्या घटना यांमुळे काही स्त्रियांना तेथे सुरक्षित वाटत नसे. त्याच अहवालानुसार विभागाकडे नोंद झालेल्या बेघर स्त्रियांची संख्या २००६ मधील १,३८० वरून २०१० मध्ये ३,३२८ झाली होती. कौटुंबिक हिंसाचारग्रस्तांसाठी स्वयंसेवी संस्था चालवितात त्या आश्रयगृहांचा पत्ता गुप्त असतो व मुलांनाही तेथे प्रवेश असतो. परंतु मुक्काम अल्पकाळाचा असतो आणि स्त्रीने सैन्यात सेवा केली होती काय, हे तेथे विचारले जातेच असे नाही.

कायमस्वरूपी निवाऱ्यासाठी १९९२ मध्ये सुरू झालेली व २००८ पासून विस्तारलेली भाडे-साहाय्य योजना अधिक उपयुक्त ठरली आहे. तीत भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के रक्कम भाड्यापोटी देते, उर्वरित भाडे गृहनिर्माण प्राधिकरण भरते व विभागाचा समाजकार्यकर्ता तिच्या संपर्कात राहतो. माजी सैनिकांच्या कुटुंबांना तातडीने अनामत रक्कम, थकलेले भाडे इत्यादींसाठी साहाय्य करणारी दुसरी एक योजनाही आहे. रुग्णालयांतून कौटुंबिक हिंसाचारविषयक साहाय्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू झाला. तपासणीसाठी आलेल्या स्त्रीला जोडीदार मारतो काय, अपमान करतो काय, धमकावतो काय, ओरडतो काय व लैंगिक बळजबरी करतो काय, असे पाच प्रश्न विचारले जातात. हाच कार्यक्रम हिंसा करणाऱ्या माजी सैनिकांनाही उपचार देतो. हिंसा मुळाशी थांबविण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि जिच्यावर हल्ला झाला तिला त्याच इमारतीत हल्लेखोर भेटण्याचा संभव राहतो. ५ जानेवारी २०२१ च्या कायद्यात डेबोरा सॅम्पसन हिच्या नावाचा विभाग असून त्यात माजी सैनिक स्त्रियांची आरोग्यसेवा, बेघर स्त्रियांच्या साहाय्यातील उणिवांची पाहणी व जोडीदाराच्या हिंसाचाराचा राष्ट्रीय अभ्यास यांच्या तरतुदी आहेत. सॅम्पसन ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात पुरुषवेशाने लढली होती.

जानेवारीतील एका रात्री देशभर होणाऱ्या बेघरांच्या गणनेत माजी सैनिकांची संख्या २०१० मध्ये सुमारे ७४ हजार होती. २०२४ मध्ये ती ३२,८८२ झाली. गणना करणारे कार्यकर्ते निवारागृहे, रस्ते, पूल व उद्याने येथे फिरतात. त्या रात्री मैत्रिणीच्या घरी मुलांसह जमिनीवर झोपलेली स्त्री या आकड्यात येत नाही.