हौदात वाकून पाहणारे खाते

औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा प्रकृतीला मानवते, असे पहिल्या निजामाचे, म्हणजे आसफजाहचे, मत होते. त्याच्याच हुकमाने काबिलखानाने १७२५ साली गावाच्या पूर्वेला किल्ला आणि गढी बांधली. ती गढी म्हणजे मस्तगड. आत एक मोठी विहीर आहे आणि तिच्या पोटात सज्जे नि खोल्या काढलेल्या आहेत. पुढे या मस्तगडात नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. ज्या गावाची हवा चांगली म्हणून निजामाने गढी बांधवली, त्या गावाच्या गटारांचा, उकिरड्यांचा आणि मयतांचा हिशेब त्याच गढीतून पाहिला गेला. एवढा उघड विनोद गॅझेटियर लिहिणाऱ्याच्या नजरेतून कसा सुटला, कोण जाणे.

नगरपालिकेचे आरोग्य खाते म्हटले की बाहेरच्या माणसाला दवाखाना, डॉक्टर, परिचारिका आठवतात. जालन्यात, आणि खरे तर महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांत, या खात्याचा कणा डॉक्टर कधीच नव्हता. कणा होता तो स्वच्छता निरीक्षक, त्याच्या हाताखालचा मुकादम आणि मुकादमाच्या हजेरीपटावरचे सफाई कामगार. औषधोपचाराचे काम इथे नेहमी दुसऱ्या कोणीतरी केले. इंग्रजी छावणी १८२७च्या सुमारास वसली; ती आपल्या फौजेपुरते पाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. पुढे मिशनच्या हॉस्पिटलने कित्येक पिढ्यांची बाळंतपणे केली. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून फुटून जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून जिल्हा रुग्णालयाचा भार राज्य सरकारवर आहे. गांधी चमनचे स्त्री रुग्णालयही राज्याचेच. पालिकेच्या वाट्याला उरले ते आजार होण्याआधीचे सगळे आणि माणूस गेल्यानंतरचे सगळे.

कायद्याने ही वाटणी पक्की केली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, तेव्हा इथल्या बल्दियांना, म्हणजे नगरपालिकांना, हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा लागू होता. पुढे १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा आला आणि विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा या तिन्ही मुलखांतले वेगवेगळे कायदे मोडीत निघून एकच चौकट झाली. त्यात नगरपरिषदेने केलीच पाहिजेत अशी कामे सांगितली आहेत: रस्ते झाडणे, घाण उचलणे, देवी काढणे, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे, स्मशानभूमी सांभाळणे. या यादीत सलाईनच्या बाटलीपेक्षा झाडूला कितीतरी जास्त जागा आहे.

यातल्या दोन कामांचा पसारा कोणाला अंदाज येणार नाही इतका वाढला. पहिले काम नोंदवहीचे. मूल जन्मले की एकवीस दिवसांत कळवावे, हा १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा नियम. त्याआधीच्या नोंदी कुठे उर्दूत, कुठे मोडीत, कुठे कोतवालाच्या अक्षरात. दशकानुदशके ही बाडे दप्तराच्या कपाटांत वाळवीच्या भरवशावर पडली होती. शाळेत नाव घालायचे असेल किंवा वारसाहक्काचा दावा असेल, तरच कोणी त्यांच्या वाटेला जाई. मग २०२३ साली जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाडाभरची जुनी दप्तरे उघडली गेली. त्यात जन्म-मृत्यूच्या वह्याही होत्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पटकीने दगावलेल्या कोणा अनामिक बाळाची शंभर वर्षांपूर्वीची ओळ त्याच्या चुलत पणतूसाठी जातीचा पुरावा ठरू शकते, हे ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल. आरोग्याच्या नावाने ठेवलेल्या कागदाने राज्याचे राजकारण हलावे, याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

दुसरे काम झाडूचे, आणि त्याचा इतिहास सांगताना जीभ जड होते. भुयारी गटारे नसलेल्या गावांत पाटीचे संडास होते. मैला पाटीत, पाटी डोक्यावर आणि ती वाहणारी माणसे ठरावीक जातींची. गावाच्या आरोग्याचा सगळा डोलारा या माणसांच्या मानेवर उभा होता आणि गाव त्यांची सावली टाळत होते. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९३ साली आला, आणखी कडक कायदा २०१३ साली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळू लागली. ही सवलत कामगारांनी भांडून टिकवली आहे आणि ती का टिकवली हेही समजते. कंत्राटदाराच्या रोजंदारीपेक्षा पालिकेचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन कोणाला नको असेल? पण जो हक्क घराला आधार देतो, तोच मुलाच्या हाती बापाचा झाडूही देतो. या गाठीवर सरळ उत्तर कोणाकडे नाही. ‘मुलांना शिकवा’ एवढे सांगून मोकळे होणाऱ्यांनी एकदा पहाटेच्या हजेरीला उभे राहून पाहावे. उजाडायच्या आत मुकादम नावे पुकारतो, कोणाला कुठला रस्ता ते सांगतो. बायका पदर खोचून, लांब दांड्याचा खराटा घेऊन कामाला लागतात आणि बाजाराची दुकाने उघडायच्या आत त्यांचा पहिला फेरा संपलेला असतो. घंटागाडी आली, ओला-सुका कचरा वेगळा करायची सक्ती आली, स्वच्छ सर्वेक्षणाचे गुणांक आले. खराट्याची लांबी मात्र तेवढीच राहिली.

लसीचे काम एके काळी या खात्याची शान होते. देवी काढणारा माणूस गल्लीत शिरला की पोरे माळ्यावर लपत. देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये, अशा घोषणा सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर भिंतींवर रंगवलेल्या होत्या. वयस्कर जालनेकरांना त्या अजून आठवत असतील. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५च्या मे महिन्यात सापडला. मग १९९५पासून पोलिओचे रविवार आले. दारावर खडूने तारीख आणि खूण करून पुढच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या आल्या, आणि २०१४च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या दोन्ही लढायांत पालिकेची माणसे शिपायांसारखी लढली, पण नाव झाले ते राज्याचे आणि केंद्राचे.

आता पाण्याकडे वळले पाहिजे, कारण माझ्या मते या खात्याची खरी गोष्ट तिथेच आहे.

जालन्याला पाण्याची कळ पूर्वीच्या लोकांना ठाऊक होती. जमशेदखान नावाच्या जुन्या कारभाऱ्याने मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळवले. हौद भरले, वाहिले, पुढे नळ बुजले आणि मोती तलाव सहलीपुरता उरला. निजामकाळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचे पाणी उताराने, विजेचा खर्च न करता, नव्या जालन्यात येते. त्याला आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. पाणी आणि खराटा हे दोन्ही एका नावात आले. गाव वाढत गेले. बियाणे, पोलाद, मोसंबी यांचा पैसा आला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको स्थापन केली, पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने उभे राहिले. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ भरली. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण लोक अजून मिरवतात. पण पाळण्याला पाणी पुरेना. गोदावरीवरच्या शहागडहून नळ आणले, ते कमी पडले. २०१२-१३चा दुष्काळ तर असा होता की शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. शेवटी जायकवाडीच्या धरणातून पाणी आणले. तरीही नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, ज्या त्या भागाच्या पाळीने येते.

आठ दिवस हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठावर अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, हे चक्र उन्हाळी हवेत सात ते दहा दिवसांत पुरे होते. म्हणजे जालन्याच्या नळाची पाळी आणि डासाची पिढी यांचे वेळापत्रक जवळजवळ एकच आहे. ज्या गावात रोज पाणी येते, तिथे घरात दोन बादल्या पुरतात. इथे प्रत्येक घरात सिमेंटचा हौद, गच्चीवर काळी टाकी, जिन्याखाली निळे ड्रम, मोरीत रांजण. गटारे कितीही धुतली तरी एडिसला त्याचे काही नाही. ती गटारात राहतच नाही. ती राहते गृहिणीने जिवापाड जपलेल्या, झाकून ठेवलेल्या, पिण्याच्या पाण्यात.

पावसाळ्यात म्हणूनच या खात्याची माणसे घरोघर फिरतात. या कामाला ते ‘कंटेनर सर्व्हे’ म्हणतात. काम दिसायला साधे. एक जण हौदावरचा पत्रा सरकवतो आणि वाकून पाण्यावर बॅटरीचा झोत तिरका धरतो. प्रकाश पडला की अळ्या पृष्ठभागावरून खाली पळतात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला वळवळत वर येतात, तेवढे थांबायचे. दुसरा वहीत मांडतो: घरे किती पाहिली, भांडी किती, त्यांपैकी अळ्या किती भांड्यांत. दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात, आणि तो चढला की त्या वस्तीत धूर फवारणीची तयारी होते. हौद रिकामा करण्याजोगा असेल तर रिकामा करायला सांगतात, नसेल तर ॲबेट या अळीनाशकाचे थेंब टाकतात किंवा गप्पी मासे सोडतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी घासून पुसून वाळवा, असा सरकारी संदेश आहे.

आणि इथेच गाडी अडते. आठव्या दिवशी नळ येणार असेल तर सहाव्या दिवशी हौद कोण ओतून देईल? घरातली बाई त्या कर्मचाऱ्याला विचारते, ‘भाऊ, हे फेकलं तर पोरांना प्यायला काय देऊ?’ आणि भाऊजवळ उत्तर नसते. त्याच्या हातात बॅटरी आहे. झडपेची चावी पाणीपुरवठा विभागाकडे. कागदावर पाणी आणि आरोग्य ही दोन खाती, दोन अंदाजपत्रके, दोन प्रमुख. अळीला ही विभागणी ठाऊक नाही. डास आजार पसरवतो हे कळूनही आता काळ लोटला: हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला १८९७ साली निजामाच्याच मुलखात, सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत दिसला. त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटली. धूर सोडणारी यंत्रे सुधारली, औषधे बदलली. माझा हिशेब मात्र सरळ आहे: जालन्यात धुराच्या दहा यंत्रांपेक्षा दिवसाआड येणारे पाणी जास्त डास मारील.

समाजकल्याणाची बाजूही या खात्याला लागूनच वाढली. १९९७च्या स्वर्णजयंती योजनेने वस्त्यांत समुदाय संघटक आणि बचत गट आणले. महिला व बालकल्याण समिती आली. अपंग कल्याणासाठी राखीव निधी आला. त्याविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे, कारण योजनांची नावे दर काही वर्षांनी बदलली आणि गटातल्या बायका त्याच राहिल्या.

डॉक्टर पालिकेच्या दारात खऱ्या अर्थाने आला तो २०१३च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानामुळे. साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, हा त्याचा आराखडा. त्यानंतर ‘आपला दवाखाना’ आला, कामावरून सुटलेल्या मजुरालाही गाठता येईल असा दुपार ते रात्रीच्या वेळेचा. कोरोनाने मधल्या काळात सगळ्यांचीच परीक्षा घेतली. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे राजेश टोपे होते. ते रोज टीव्हीवर दिसत. मयताला हात लावायला सख्खे पुढे येत नव्हते, तेव्हा राज्यभर पालिकांचेच कामगार संरक्षक पोशाख घालून चिता रचत होते. त्यांचे चेहरे त्या पोशाखात कोणाला दिसले नाहीत.

२०२३ साली जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. महापालिकेचा कायदा वेगळा. त्यात वैद्यकीय आरोग्य अधिकारी हे पद नावानिशी सांगितले आहे. म्हणजे आजवर स्वच्छता निरीक्षकाच्या खांद्यावर चाललेल्या खात्याच्या शिरोभागी आता डॉक्टरची खुर्ची आहे. २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो, पण ती कुटुंबे बहुधा खेड्यातली निवडतात. शहरातल्याच काद्राबादेतली, जुन्या जालन्यातली, चंदनझिऱ्यातली घरे त्यात घ्यायला काय हरकत आहे? पत्रा सरकवून बॅटरी धरणे एका दुपारीत शिकता येते. नळ कुठल्या दिवशी आला याचा रकानाही त्या पोरांनी वहीत स्वतःहून वाढवला, तर नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पाणीपुरवठा विभागाकडे जाताना हातात काहीतरी कागद असेल.