नागीण गेली, मग सदरा का बोचतो?

मंडळी, नागिणीचे फोड सुकतात, खपल्या पडतात, घरचे म्हणतात, ‘गेलं एकदाचं!’ आणि पेशंट मात्र अंगात सदरा घालायला तयार नसतो. हे नाटक नव्हे.

कांजिण्यांचा विषाणू लहानपणी येऊन गेला, की पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. उतारवयात तो जागा होतो आणि बहुधा एकाच तंतूच्या वाटेनं त्वचेपर्यंत येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो, बऱ्याचदा फासळ्यांवर. या वाटेत तंतूला इजा होते, आणि काहींना पुरळ गेल्यावर 3 महिन्यांनंतरही दुखत राहतं. साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा वेदना म्हणून पोचतो. (पुरळ दिसल्यापासून 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्यात, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आता गंमत बघा. यातल्या पुष्कळ जणांना तळहात दाबून ठेवला तर तितकं दुखत नाही, पण पदर नुसता सरकला तरी आग होते. म्हणजे त्रास कपड्याच्या वजनाचा कमी, हलण्याचा जास्त. ‘सैल घाला’ हा सल्ला फोड ओले असताना ठीक. पुढे तोच झुळझुळीत झब्बा पावलागणिक अंगावर घासत राहतो.

मग करायचं काय? अंगाबरोबर हलेल असा एक थर आत घालायचा. धुऊन धुऊन मऊ झालेली होजियरीची बनियन घ्या, लेबल उसवा आणि ती उलटी घाला, शिवण बाहेर. वरून शर्ट असतो, कोण बघतंय! आत खळ दिलेलं काही नको. जुन्या रेशमी साडीचं अस्तर सुरेख सरकतं, फक्त जरीचा भाग वगळा.

बायकांची अडचण जास्त, कारण ब्रेसियरचा पट्टा नेमका तिथेच बसतो, आणि हे डॉक्टरांसमोर बोललं जात नाही. बोला. तिच्याऐवजी मऊ, अंगासरशी स्लिप चालते. ब्लाउज पुढून उघडणारा हवा, हात मागे न्यावा लागला की कापड ओढलं जातं. बगलेची शिवण दुखऱ्या पट्ट्यावर येत असेल, तर टेलरला ती मागे सरकवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

कातडी पूर्ण भरली असेल तर काही जण कपड्याखाली स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म लावतात. घासणं थांबतं, पण आपल्या उकाड्यात घाम साचतो, म्हणून बाहेर जाण्यापुरतीच.