कर्करोगाचा प्रक्षेप व जनुक-नियमन

कर्करोगाचा प्रक्षेप व जनुक-नियमन : मूळ अर्बुदातील (कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे बनलेल्या गाठीतील) काही कोशिका सुट्या होऊन रक्त किंवा लसीका यांच्या प्रवाहातून दूरच्या अवयवात जातात व तेथे नवे अर्बुद उत्पन्न करतात. या क्रियेस प्रक्षेप म्हणतात. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू प्रक्षेपामुळे घडून येतात. एके जागी घट्ट बसलेली कोशिका फिरती कशी होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी जनुक-नियमनात, म्हणजे कोणत्या जनुकाने केव्हा कार्य करावे हे ठरविणाऱ्या यंत्रणेत, सापडते [→ कर्करोग].

तोंड, स्तन, आतडे, अंडाशय इत्यादींचे कर्करोग बहुधा अधिस्तर ऊतकात (पृष्ठभाग झाकणाऱ्या व पोकळ्यांना अस्तर पुरविणाऱ्या कोशिकासमूहात) उद्‌भवतात. या कोशिका एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असून ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्या जोडणीचे एक प्रमुख साधन होय. गर्भाच्या वाढीत मात्र काही अधिस्तर कोशिकांना स्थलांतर करावे लागते. त्या वेळी त्या आपली जोडणी सोडून लांबट व हालचाल करणाऱ्या मध्योतक कोशिकांचे रूप धारण करतात. या बदलास अधिस्तर-मध्योतक संक्रमण म्हणतात. कोलॅजेनाच्या जेलीत ठेवलेल्या अधिस्तर कोशिकांतही असा बदल होतो, हे एलिझाबेथ हे या अमेरिकन शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये दाखविले. प्रौढ शरीरात सुप्त असलेला हा गर्भकालीन कार्यक्रम कर्क-कोशिका पुन्हा जागा करतात.

नियमनाची यंत्रणा : स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब इ. प्रथिने डीएनएवरील विशिष्ट जागी बसून जनुकांचे कार्य चालू वा बंद करतात. स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनाच्या जनुकाचे कार्य दडपते, असे स्पेनमधील दोन संशोधक गटांना २००० साली आढळले. झेब प्रथिनांची निर्मिती रोखणारे आखूड आरएनए रेणूही कोशिकेत असतात, तर झेब प्रथिने त्या रेणूंची निर्मिती रोखतात. या परस्परविरोधामुळे कोशिकेची अवस्था विजेच्या बटनाप्रमाणे एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकते. जनुकातील मजकूर तोच राहतो. बदलते ते त्याचे वाचन. म्हणूनच हा बदल उलटू शकतो.

महाराष्ट्रातील संशोधन : पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगावर काम केले. स्नेल व स्लग यांच्यामुळे या कर्क-कोशिकांची आसपासच्या ऊतकात घुसण्याची क्षमता वाढते, हे त्यांनी २००५ मध्ये दाखविले. हीच प्रथिने कोशिकांना किरणोपचार व औषधे यांपासून वाचवितात, असा निष्कर्ष २००९ मध्ये त्यांनी मांडला. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर (नवी मुंबई) येथील संशोधन केंद्रात, प्लॅकोफिलिन-३ हे जोडणीतील प्रथिन कमी झाल्यास कोशिकांची चिकटण्याची शक्ती घटते व प्रक्षेप वाढतो, असे २००८ मध्ये आढळून आले.

मर्यादा व महत्त्व : हे संक्रमण प्रक्षेपाला नेहमीच आवश्यक असते काय, याविषयी मतभेद आहेत. उंदरांवरील २०१५ मधील प्रयोगांत त्यावाचूनही प्रक्षेप झाल्याचे दिसले; औषधांना दाद न देण्याशी मात्र त्याचा संबंध आढळला. शिवाय दूरच्या अवयवात पोचलेल्या कोशिका पुष्कळदा पुन्हा अधिस्तर रूप घेऊन वाढू लागतात. त्यामुळे संक्रमण केवळ उलटविणारे औषध दिल्यास, आधीच पोचलेल्या कोशिकांना वाढीस मदत होण्याचा धोका संभवतो. कोशिका प्रवासास निघाल्यानंतर त्यांना रोखणे अशा प्रकारे अवघड ठरते. यामुळे तंबाखू सेवनाशी निगडित असलेल्या मुखकर्करोगासारख्या, सहज तपासता येणाऱ्या रोगात मानेतील लसीका ग्रंथींपर्यंत प्रसार होण्यापूर्वीच निदान होणे हा आजही रुग्णाचा सर्वांत मोठा आधार आहे.