खिडकी उघडी ठेवा

२०२१ सालचा रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला. सोलापूरचे ऊन आणि तीन-चारच रोजे झालेले. त्या संध्याकाळी इफ्तारला बसलो असताना भाईजानना खोकल्याची उबळ आली. हातातला खजूर ताटात ठेवून ते खोकत राहिले. मी उठलो आणि गल्लीकडची खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, असे का केले? त्याला कारण होते. आदल्या वर्षी आमच्या गल्लीत एका घरी रुग्ण निघाला, तेव्हा बांबू बांधून रस्ता बंद केला होता. तो गृहस्थ बरा होऊन घरी आला, तरी दूधवाला महिनाभर त्याच्या पातेल्यात लांबूनच दूध ओतत होता. आजारापेक्षा त्या लांबून ओतलेल्या दुधाची भीती आम्हाला जास्त वाटली.

आम्ही काळजी घेत नव्हतो असे नाही. भाजी मिठाच्या पाण्यात धूत होतो, दाराच्या कड्या पुसत होतो. पाच वेळच्या वुजूला साबणाची जोड दिली होती. हात धुणे चांगलेच. साबणाने या विषाणूचे चरबीचे आवरण फुटते, नुसत्या पाण्याने फुटत नाही. पण एवढे सगळे करून आम्ही पाच माणसे बंद खोलीत, एका पंख्याखाली पाच दिवस बसून राहिलो.

मी कवी, डॉक्टर नव्हे. पण जे नंतर समजून घेतले, ते सांगतो. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडा-नाकातून बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात. अगदी सूक्ष्म असतात ते तरंगत राहतात. आमच्याकडे गुरुवारी लोबान जाळतात, तुमच्याकडे उदबत्ती लावतात. खोली बंद असेल तर तो धूर कोंडतो. समोरासमोरची दोन दारे-खिडक्या उघडा, थोड्या वेळात निघून जातो. श्वासाचेही तसेच आहे. छताचा पंखा हवा बदलत नाही, तीच हवा फिरवतो. बहुतेक घरगुती एसीही तेच करतात. टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला, तर आतली हवा बाहेर जाते. कूलर लावला, तर समोरची खिडकी उघडी हवी.

दुसरी गोष्ट. ताप-खोकला दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून साथीत गर्दीच्या, बंद जागी धडधाकट माणसानेही मास्क लावावा आणि तो नाकावर असावा, हनुवटीवर नव्हे. घरात कुणी आजारी पडले, तर त्याला जमेल तर वेगळी खोली द्यावी. आत जाणाऱ्याने आणि रुग्णानेही मास्क लावावा. शुश्रूषा एकानेच करावी, पण त्या एकाचीही विचारपूस व्हावी.

आमच्या घरी शुश्रूषा भाभी करत होत्या. त्यांची विचारपूस कुणी केली नाही. सहाव्या दिवशी त्यांना बारीक ताप आला. "दम लागत नाही मला," असे म्हणत त्या सहरीच्या भाकरीचे पीठ मळत होत्या. आशाताई आल्या, त्यांनी ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा ८४. या आजारात रक्तातला प्राणवायू उतरला, तरी कधी कधी दम लागत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. आकडा ९४ च्या खाली गेला की थांबायचे नाही, डॉक्टरांकडे जायचे. बसल्या जागी ठीक असेल, तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा पाहायचे. हे पहिल्याच दिवशी कुणाला विचारले असते, तर कळले असते. पण विचारायचे म्हणजे सांगावे लागले असते.

भाईजान बरे झाले. भाभी दवाखान्यातून परत आल्या नाहीत. खिडकी उघडी असती तर त्या वाचल्या असत्या, असे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ती लावली मी, एवढे मला ठाऊक आहे.

आजार लपवणे ही आपली जुनी खोड आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोल्जर घरोघर झडती घेत, म्हणून लोक रुग्ण लपवीत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा करत होत्या. त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोक धाकाने दारे लावतात आणि मायेने उघडतात, हे त्या साथीनेही दाखवले होते. म्हणून रुग्ण सापडला की बांबूआधी डबा पोचावा.

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर झाले. विषाणू मात्र गेलेला नाही. शिवाय फ्लू आहे, क्षय आहे, उद्या आणखी काही येईल. वयस्करांनी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी, ताप आला तर चार दिवस घरी राहावे, हे तर आहेच.

आता घरात कुणी खोकले की मी उठतो आणि गल्लीकडची खिडकी उघडतो. समोरच्या काकू विचारतात, "काय हो भाई, कोण खोकतंय?" मी सांगतो. त्या काढा करून पाठवतात. काढ्याने काय होते ते डॉक्टरांनी सांगावे. मला त्या तांब्याचा आधार वाटतो.