मांजराचे पिलू : वजन व पोषणस्थिती

मांजराचे पिलू : वजन व पोषणस्थिती. जन्मापासून सु. एक वर्षापर्यंतच्या मांजराचे वजन त्याचे वय, लिंग, जाती व शरीराची ठेवण यांना अनुरूप आहे किंवा नाही, हे ठरविणे हा पशुवैद्यकातील नित्याच्या तपासणीचा एक भाग होय. पूर्ण वाढ झालेल्या निरोगी मांजराचे वजन बहुतांशी स्थिर राहते; पिलाचे वजन मात्र दररोज बदलत असते. त्यामुळे पिलाच्या बाबतीत योग्य वजन म्हणजे कोणताही एक ठराविक आकडा नव्हे. वयाच्या मानाने असलेले वजन, वजनवाढीचा अखंड क्रम आणि अंगावरील मेद व स्नायू यांचे प्रमाण या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज पिलाच्या पोषणाविषयी निश्चित मत देता येत नाही. यांपैकी एकाच गोष्टीवर विसंबल्यास रोगट पिलू गुटगुटीत आणि निरोगी पिलू रोडावलेले वाटण्याचा संभव असतो.

वाढीचा क्रम : सर्वसाधारण मांजराच्या नवजात पिलाचे वजन सु. ९० ते ११० ग्रॅ. असते. पहिल्या काही तासांत त्यात किंचित घट होऊ शकते. परंतु त्यानंतर ते दररोज सु. १० ते १५ ग्रॅ. वाढते आणि सात ते दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट होते. पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा सु. अर्धा किग्रॅ. वाढ हे स्थूल मान धरण्यात येते. वयानुसार अपेक्षित वजन स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असते :

एक आठवडा – १७० ते २३० ग्रॅ.
दोन आठवडे – २५० ते ३४० ग्रॅ.
चार आठवडे – ३५० ते ५०० ग्रॅ.
आठ आठवडे – ७५० ते १,००० ग्रॅ.
बारा आठवडे – १.२ ते १.६ किग्रॅ.
चार महिने – १.६ ते २.३ किग्रॅ.
सहा महिने – २.३ ते ३.६ किग्रॅ.

मादीपेक्षा बोक्याची वाढ अधिक व अधिक काळ होते. बहुतेक मांजरांची वाढ सु. एक वर्षात पूर्ण होते व त्या वेळी त्यांचे वजन ३ ते ५ किग्रॅ. असते. मेन कून या थोराड जातीची वाढ तीन ते चार वर्षे चालू राहते. याउलट सयामी मांजरे मूळचीच सडपातळ असतात. म्हणून वरील आकडे ही मर्यादा नसून केवळ दिशादर्शक खुणा आहेत. एखादे पिलू या मानापेक्षा थोडे हलके असले, तरी ते नियमाने वाढत असल्यास चिंतेचे कारण नसते; मात्र वजनाने भरीव असलेल्या पिलाची वाढ अचानक थांबल्यास ते आजाराचे लक्षण समजावे.

पहिल्या काही आठवड्यांत हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. नवजात पिलाच्या शरीरात ऊर्जेचा साठा अत्यल्प असतो. दूध कमी मिळणे, थंडी किंवा संसर्ग यांमुळे ते एक-दोन दिवसांतच दगावू शकते आणि ओरडणे, मलूल होणे यांसारखी लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वजनातील घट बहुधा त्याआधीच लक्षात येते. म्हणून पहिले दोन आठवडे पिलांचे वजन दररोज एकाच वेळी, ग्रॅम दाखविणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्यावर करून त्याची नोंद ठेवणे इष्ट असते. २४ तासांत वजन वाढले नाही किंवा घटले, तर पशुवैद्याचा सल्ला तातडीने घ्यावा लागतो. गारठलेल्या पिलाला दूध पाजण्यापूर्वी हळूहळू ऊब द्यावी लागते. कारण शरीर थंड असताना त्याची पचनक्रिया मंदावलेली असते व पाजलेले दूध श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

वयाचा अंदाज : रस्त्यावर सापडलेल्या पिलाचे वय ठाऊक नसते आणि वय ठाऊक नसल्यास वजनाला अर्थ उरत नाही. केवळ वजनावरून वय ठरविल्यास कुपोषित पिलू प्रत्यक्षाहून लहान समजले जाते व त्याचे कुपोषण दृष्टीआड होते. म्हणून वय डोळे व दात यांवरून ठरवितात. डोळे सामान्यतः सात ते चौदा दिवसांत उघडतात. दुधाचे पुढचे दात दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, तर सुळे तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. सु. दोन महिन्यांपर्यंत दुधाचे सर्व २६ दात आलेले असतात. कायमचे पुढचे दात साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास येऊ लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमच्या ३० दातांचा संच पूर्ण होतो. सर्व दुधाचे दात असलेले पिलू अर्धाच किग्रॅ. भरले, तर ते लहान नसून उपासमार झालेले किंवा आजारी आहे, असे मानावे लागते.

शरीरस्थितीचे परीक्षण : अंगावरील मेदाचे प्रमाण पाहून व हाताने चाचपून ठरविण्याची नऊ गुणांची श्रेणी डी. पी. लाफ्लॅम या अमेरिकन पशुपोषणतज्ञांनी मांजरांसाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत १ म्हणजे अत्यंत कृश, ५ म्हणजे आदर्श व ९ म्हणजे अतिस्थूल स्थिती होय. ही श्रेणी प्रौढ मांजरांवर पडताळलेली असल्याने पिलांच्या बाबतीत तिचा उपयोग वजनाच्या नोंदीबरोबरच करावा लागतो.

परीक्षणासाठी पिलाला उभे ठेवून दोन्ही हातांचे तळवे बरगड्यांवरून अलगद फिरवितात. आदर्श स्थितीत मेदाच्या पातळ थराखाली बरगड्या सहज हाताला लागतात, पण उठून दिसत नाहीत. तुलनेसाठी स्वतःच्याच हाताचा उपयोग करता येतो. घट्ट मिटलेल्या मुठीच्या उंचवट्यांवरून बोट फिरविल्यासारखा स्पर्श झाल्यास पिलू कृश, उघड्या पंजाच्या पाठीमागील बाजूसारखा झाल्यास योग्य, तर तळहाताच्या मांसल भागासारखा झाल्यास स्थूल समजतात. वरून पाहता बरगड्यांच्या मागे कमरेचा किंचित बाक दिसावा आणि बाजूने पाहता पोट मागच्या पायांकडे वर चढलेले असावे. याखेरीज कणा, खांद्याची हाडे व खुबे यांवरील स्नायूही चाचपतात. कारण मेद पुरेसा असूनही स्नायू झिजलेले असू शकतात.

फसवी लक्षणे : पोटाची गोलाई हे पुष्टतेचे लक्षण नव्हे. दूध पिऊन झाल्यावर पिलाचे पोट तट्ट दिसणे स्वाभाविक आहे; परंतु पोट सतत नगाऱ्यासारखे, पाठीचे हाड मात्र टोकदार व केस निस्तेज असल्यास बहुधा गोलकृमींचा उपद्रव असतो. टॉक्सोकारा कॅटी या गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून पिलाच्या पोटात जातात. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक औषध सामान्यतः तिसऱ्या आठवड्यापासूनच देण्यास प्रारंभ करतात. पर्शियनसारख्या लांब केसांच्या जातीत कृशता केसांखाली झाकली जाते. तेथे हाताने चाचपण्यास पर्याय नाही. चार ते आठ महिन्यांच्या वयात पिलाचे पाय व अंग झपाट्याने लांबते, त्यामुळे ते हडकुळे भासते. बरगड्यांवर पातळ मेद व मांड्यांवर स्नायू असल्यास ही स्थिती निरोगी होय. मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली लोंबणारी सैल कातडीची घडी अनेक मांजरांत स्वभावतः असते. ती चरबी समजून आहार तोडणे चुकीचे ठरते.

आहार : वाढत्या पिलाची वजनाच्या प्रमाणातील ऊर्जेची गरज प्रौढ मांजराच्या दुप्पट ते तिप्पट असते, पण जठर लहान असते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे द्यावे लागते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ अन्न सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत आईचे दूध तोडले जाते. त्यानंतर दुग्धशर्करा पचविण्याची क्षमता कमी होत जाते व गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिलांना हगवण लागते.

मांजर हे निसर्गतः मांसाहारी आहे. महाराष्ट्रात मांजराला दूधभात घालण्याची रीत जुनी आहे. तथापि खेड्यातील किंवा वाड्यातील मांजर उंदीर, पाली व पक्षी मारून त्या आहारातील उणीव स्वतःच भरून काढीत असते. शहरातील बंद सदनिकेत वाढणाऱ्या पिलाला तो मार्ग नसतो. केवळ दूधभातावर त्याचे वजन कदाचित वाढेल. परंतु प्रथिने व टॉरीन यांची न्यूनता राहते. टॉरिनाच्या अभावी मांजराच्या डोळ्यातील जालपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये, तर हृदयाचे स्नायू दुर्बळ होऊन हृदय विस्फारते, हे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. नुसते हाडाविरहित मांस देणेही हितावह नाही. त्यात कॅल्शियम फार कमी व फॉस्फरस अधिक असल्याने परावटू ग्रंथींचा स्राव वाढतो, हाडांतील कॅल्शियम झिजते व ती सहज मोडतात. अशा पिलाचे वजन योग्य भरूनही त्याचा सांगाडा कमकुवत असतो. यासाठी पिलांकरिता तयार केलेला संतुलित आहार किंवा पशुवैद्याने आखून दिलेला घरगुती आहार द्यावा लागतो.

स्थूलतेचा प्रारंभ : सहा महिन्यांपर्यंत मुख्य भय कुपोषणाचे असते, त्यानंतर ते अतिपोषणाचे होते. या सुमारास वाढीचा वेग मंदावतो आणि अनेकदा निर्बीजीकरणही याच वयात केले जाते. निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज घटते, भूक मात्र वाढते. त्यामुळे वाडग्यात सदैव अन्न ठेवण्याची पूर्वीची सवय चालू राहिल्यास वजन काही महिन्यांतच वाढते. हे निर्बीजीकरण टाळण्याचे कारण नसून आहार मोजून देण्याचे कारण आहे. स्थूल मांजरात पुढे मधुमेह व सांध्यांचे विकार अधिक आढळतात. वजन उतरविण्यासाठी मांजराला उपाशी ठेवणे मात्र धोक्याचे असते. स्थूल मांजराने काही दिवस अन्न न घेतल्यास त्याच्या यकृतात मेद साचून प्राणघातक विकार उद्‌भवू शकतो. म्हणून आहारातील घट हळूहळू व पशुवैद्याच्या देखरेखीखाली करतात.

दोन आठवड्यांनंतर तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून एकदा व पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत महिन्यातून एक-दोनदा वजन करणे पुरेसे असते. मोठे झालेले पिलू काट्यावर स्वस्थ बसत नसल्यास त्याला उचलून घेऊन एकदा व त्याच्याशिवाय एकदा स्वतःचे वजन करून त्यांतील फरक घेता येतो. परंतु माणसांच्या काट्यावर लहान फरक नीट कळत नसल्याने अगदी लहान पिलांसाठी ही रीत उपयोगी नाही. वाढ थांबणे, दीर्घकाळ हगवण, उलट्या, खाणे सोडणे किंवा भरपूर खाऊनही रोडावणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास पिलाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.