विश्लेषण : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकाचे छायाचित्र अस्सल आहे, हे कसे ओळखतात?

गळ्यात शौर्यपदक, अंगावर हवाई दलाचा गणवेश आणि चेहऱ्यावर विशीतले हसू. जर्मन लढाऊ वैमानिक हान्स-योआखिम मार्सेई याची युद्धकाळातील छायाचित्रे आजही संग्राहक विकत घेतात. मात्र या बाजारात अस्सल प्रतींबरोबर नकलाही फिरतात.

मार्सेई कोण होता?

१९१९ मध्ये बर्लिन येथे जन्मलेल्या मार्सेईच्या नावावर १५८ विमाने पाडल्याची नोंद आहे. त्यापैकी १५१ उत्तर आफ्रिकेतील. १ सप्टेंबर १९४२ या एकाच दिवशी त्याने १७ विमाने पाडल्याचा दावा झाला. त्या आकड्याबाबत इतिहासकारांत वाद आहे. ३० सप्टेंबर १९४२ रोजी इंजिनात बिघाड होऊन कॉकपिटमध्ये धूर भरला. त्याने उडी घेतली, पण विमानाच्या शेपटीवर आदळून तो मरण पावला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

ही छायाचित्रे का छापली गेली?

नाझी प्रचारयंत्रणेला नायक हवे होते. हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिश हॉफमन याच्या संस्थेसह अनेकांनी ‘नाइट्स क्रॉस’ मिळवणाऱ्यांची पोस्टकार्डे छापली. मुले ती जमवत, वैमानिकांकडून सह्या घेत. त्यामुळे केवळ छापील पोस्टकार्ड तितकेसे दुर्मीळ नसते. किंमत वाढते ती सहीमुळे, किंवा एखाद्या सैनिकाच्या खासगी अल्बममधील मूळ प्रत असेल तर.

खरे-खोटे कसे ठरते?

पहिली कसोटी कागदाची. फोटोचा कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून १९५० च्या दशकापासून त्यात चकाकी आणणारी रसायने मिसळली जाऊ लागली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर-पांढरा चमकतो. ‘१९४२ ची प्रत’ चमकली तर ती बहुधा नंतर काढलेली असते. मात्र चमकली नाही म्हणून ती अस्सलच, असेही नाही. जुना कोरा कागद वापरूनही नक्कल करता येते.

दुसरी कसोटी शाईची. बॉलपेनचा सर्वसामान्य वापर युद्धानंतर सुरू झाला. त्यामुळे १९४२ मध्ये मरण पावलेल्या मार्सेईची बॉलपेनने केलेली सही बनावटच म्हणावी लागते. युद्धातून वाचलेल्या वैमानिकांनी मात्र पुढे अनेक वर्षे जुन्या फोटोंवर सह्या दिल्या. तिथे फोटोचा काळ आणि सहीचा काळ वेगवेगळा तपासावा लागतो.

तिसरी कसोटी पदकाची. मार्सेईला नाइट्स क्रॉस २२ फेब्रुवारी १९४२ रोजी मिळाला, तर त्यावरील ओक पानांचा सन्मान ६ जूनला. फोटोमागे ‘एप्रिल १९४२’ लिहिलेले असेल आणि गळ्यात ओक पाने दिसत असतील, तर तारीख चुकीची किंवा फोटोत फेरफार. हिऱ्यांचा सन्मान सप्टेंबरमध्ये जाहीर झाला, पण तो प्रत्यक्ष हाती पडण्याआधीच त्याचा मृत्यू झाला.

जर्मनीत कायदा काय सांगतो?

पदकाच्या मध्यभागी नाझी स्वस्तिक असते. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आहे. संशोधन, शिक्षण, कला यांसाठी अपवाद आहे. म्हणूनच तेथील विक्रीच्या यादीत हे चिन्ह अनेकदा झाकलेले दिसते.

छायाचित्रात काय दिसत नाही?

समोरची बाजू. मार्सेई ज्या मोहिमेत प्रसिद्ध झाला, त्याच मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही लढत होती. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले, तेव्हा ती युद्धबंदी झाली. ‘आफ्रिकेचा तारा’ या बिरुदामागे असे सैनिक आणि पाडलेल्या विमानांतील तरुणही आहेत.

जर्मनीतही दृष्टिकोन बदलतो आहे. आपेन येथील हवाई दलाच्या तळाला मार्सेईचे नाव होते. २०२१ मध्ये ते बदलून युर्गेन शुमान यांचे नाव देण्यात आले. १९७७ मध्ये अपहरण झालेल्या ‘लँड्सहूट’ या प्रवासी विमानाचे ते कॅप्टन. अपहरणकर्त्यांनी त्यांची हत्या केली होती.