काचेच्या पेटीतून छातीवर

आमची मुलगी जन्मली एकतिसाव्या आठवड्यात. वजन १३४० ग्रॅम. बायकोचा रक्तदाब अचानक चढला आणि डॉक्टरांनी तातडीने सिझेरियन केलं. ऑपरेशन थिएटरच्या दारातून सिस्टर बाळाला घेऊन झपाझप एनआयसीयूकडे गेल्या, तेव्हा मला फक्त एक लोकरीची टोपी दिसली. घरी फोन करून ‘मुलगी झाली’ म्हणायचं, की आणखी काही, तेच कळेना.

आत ती काचेच्या पेटीत होती. नाकाला सीपॅपच्या नळ्या, तोंडातून पोटात जाणारी बारीक नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. श्वास सोडताना फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आत सर्फॅक्टंट नावाचा पातळ थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं मुदतीपूर्वी जन्मलेलं बाळ याच त्रासाने दोन दिवसांच्या आत गेलं. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. आज सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेतून देता येतं. आमच्या मुलीलाही ते दिलं.

तिसऱ्या रात्री मॉनिटर किंचाळू लागला. तिचा श्वास थांबला होता. सिस्टरनी शांतपणे तळपायाला बोट घासलं आणि छाती पुन्हा हलू लागली. अशा बाळांचा मेंदू अजून कच्चा असतो, श्वास घेणं अधूनमधून विसरतो. त्यासाठी देतात ते औषध म्हणजे चहा-कॉफीतलंच कॅफिन! हे ऐकून मी तीन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

पण तिला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. ती पेटीतच सुरक्षित आहे, माझ्या हातून जंतुसंसर्ग होईल, ही भीती. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, ‘‘बाबा, उद्या पुढून बटणांचा शर्ट घालून या.’’ दुसऱ्या दिवशी अंगठी-घड्याळ काढून, कोपरापर्यंत हात धुऊन मी खुर्चीत बसलो. डायपर आणि टोपी एवढंच घातलेली ती माझ्या उघड्या छातीवर, बेडकासारखी पाय दुमडून, उभी ठेवली गेली. वर कापड गुंडाळलं. मी श्वासही जपून घेत होतो. दहा मिनिटांनी मॉनिटरकडे पाहिलं, तर तिच्या हृदयाचे ठोके आधीपेक्षा संथ आणि एकसारखे पडत होते.

याला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. इनक्युबेटर कमी, बाळं जास्त, अशी तिथली अडचण होती. गरजेपोटी निघालेला हा उपाय पुढे विज्ञानानेही उचलून धरला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ज्यांना छातीशी धरलं, त्या कमी वजनाच्या बाळांमधले पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

तिची आई व्हीलचेअरवरून पहिल्यांदा आली ती सातव्या दिवशी. ‘मी दगदग केली म्हणून असं झालं,’ हे एकच तिच्या तोंडी. नातेवाइकांनी तेच ऐकवलं होतं. डॉक्टर तिच्याशेजारी बसून म्हणाले, ‘‘हा रक्तदाब दगदगीने होत नाही. त्याचं मूळ वारेत असतं.’’ त्या वाक्याने तिला जे दिलं, ते कुठल्या सलाइनने दिलं नसतं. सुरुवातीला तिला दूध कमी होतं, तेव्हा दूधपेढीतलं पाश्चराइज केलेलं आईचं दूध नळीतून दिलं, दर दोन तासांनी दोन मिली. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. न पाहिलेल्या बायकांचं ऋण आमच्यावर आहे.

बाळ एनआयसीयूत असलेल्या आई-बाबांना एवढंच सांगेन: ‘‘आम्ही बाळाला छातीशी कधी धरू शकतो?’’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. बाबाही धरू शकतात. सर्दी-खोकला असेल तर आत जाऊ नका. आईने दूध काढत राहावं, थेंबभर आलं तरी. आणि ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्या. घरी सोडलं तरी ही तारीख चुकवू नका. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

अडतिसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. वजन १९२० ग्रॅम. त्या रात्री घरात मॉनिटर नव्हता. ती माझ्या छातीवर झोपली आणि मी तिचे श्वास मोजत जागा राहिलो.